मुरमाची खदान पुन्हा हिरवी करताना : कळमेश्वर तालुक्यातल्या पावणेदोन एकराच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२२

आजपासून वही सुरू केली. आमच्या वावराच्या वरच्या अंगाला पावणेदोन एकराची हलकी बरड जमीन होती. वर वितभर माती, खाली मुरूम. रस्त्याच्या कामासाठी एका ठेकेदाराने तो मुरूम मागितला आणि आम्ही दिला. तहसीलची परवानगी, स्वामित्वधन, सगळं रीतसर झालं. तोंडी बोलणं असं होतं की वरची काळी माती कडेला रचून ठेवायची आणि काम संपलं की परत पसरून द्यायची. कागदावर मात्र ते नव्हतं, आणि ती माती मुरमासोबतच ट्रकमध्ये गेली. मोठ्या कोळसा खाणींना वरची माती वेगळी रचून ठेवण्याची अट पर्यावरण मंजुरीतच असते. आमच्यासारख्यांच्या तुकड्यावर ती पाहायला कोणी येत नाही. कोणी मुरूम देत असेल तर त्याने आधी मातीचं कलम करारात लिहून घ्यावं. आम्हाला मुरमाचे १,४०,०००रुपये मिळाले. पुढचे खर्चाचे आकडे वाचताना हा आकडा लक्षात असू द्या.

आज जागा अशी आहे : आठ ते दहा फूट खोल खड्डा आणि डंपरने दाबून सिमेंटसारखा झालेला तळ, साधारण सव्वा एकर. उरलेल्या अर्ध्या एकरात उभ्या कडा आणि टाकाऊ दगडाचे ढीग. हिरवं म्हणाल तर चार रुईची झाडं आणि एक वेडी बाभूळ.

९ मार्च २०२२

मातीचा (खरं तर मुरमाचा) तपासणी अहवाल आला. सामू (पीएच) ८.४, म्हणजे विम्ल (अल्कधर्मी), सेंद्रिय कर्ब ०.११ टक्का. नत्र, स्फुरद नावापुरतं. शेजारच्या काकांना वाचून दाखवला तर म्हणाले, "मुरमावर काय उगवन रे बाबू? तलाव कर, मासे सोड." पण तळाच्या फटींतून पाणी मुरतं, इथे तलाव टिकणार नाही. आणि ही जागा आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. इथला पाऊस इथेच मुरला तर खालच्या संत्र्याला त्याचा आधार होईल. मूळ हेतू तोच.

१६ ते १९ जुलै २०२२

रोपवाटिकेतून ६०० रोपं आणली : करंज २००, साग १५०, आवळा १००, कडुनिंब १००, सीताफळ ५०. दीड बाय दीड फुटाचे खड्डे सबलीने खोदले. मुरूम इतका कडक की एका गड्याचे दिवसाला पंधरा खड्डे जेमतेम झाले. खड्ड्यात शेणखत आणि वावरातली दोन घमेली माती. चार दिवसांत लागवड उरकली. फोटो काढले, फार समाधान वाटलं.

२ ऑगस्ट २०२२

यंदा पाऊस दणदणीत आहे. करंजाची पानं पिवळी पडली. वाटलं नत्र कमी पडलं, म्हणून रोपामागे मूठभर युरिया दिला. ही घाई झाली, कारण पुढे कळलं.

११ मार्च २०२३

सात महिने वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, रोज दोन-चार रोपं वाळताना पाहणं एवढंच. डिसेंबरपासून टँकरने पाणी दिलं, त्यावर १८,०००रुपये गेले. आज मोजणी केली. ६०० पैकी ४१ जिवंत : सीताफळ २३, कडुनिंब १४, आवळा ४. करंज आणि साग एकही नाही.

मेलेलं एक करंजाचं रोप उपटून पाहिलं. पूर्ण मातीसकट बाहेर आलं, कुंडीतून काढावं तसं. मुळं खड्ड्याच्या भिंतीपर्यंत गेलेली, तिथून वळलेली, आणि गोल गोल फिरत एकमेकांत गुंतलेली. मुरमात एकही मूळ शिरलेलं नव्हतं. खालची मुळं काळी पडलेली, बोटाने दाबली की साल सुटून हातात येत होती. आणखी वीस रोपं उपटली. सतरांची तीच गत.

मग उलगडा झाला. दाबलेल्या मुरमात खड्डा केला म्हणजे आपण जमिनीत वाटी कोरली. जुलैत तिच्यात पाणी साचलं, मुळं कुजली. पानं पिवळी पडली ती त्यामुळे, आणि मी वरून युरिया टाकला. पुढे जानेवारीपासून तीच वाटी तापून कोरडी झाली. पाणी दिलं तरी ते घेणारी मुळं उरली नव्हती. ३९,०००रुपये आणि एक पावसाळा गेला. रोपं वाईट नव्हती. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली.

१९ मार्च २०२३

कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक काका येऊन जागा पाहून गेले. सावनेर तालुक्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने केलेल्या कामाबद्दल त्यांनी सांगितलं. तिथे तर मातीचा पत्ताच नव्हता. शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याचं प्रेसमड (रस गाळून उरणारी मळी) भरपूर घालून आधी सेंद्रिय भर तयार केली, मग द्विदल झाडांच्या मुळांना रायझोबियम (हवेतलं नत्र धरणारे जीवाणू) आणि मायकोरायझा (मुळांना अन्न-पाणी मिळवून देणारी) बुरशीची जोड दिली. मला त्यातून पटलं ते एवढंच की झाड सगळ्यात शेवटी येतं. काका जाताना म्हणाले, "आधी गवत आणून दाखव, मग मले बोलाव."

नवा क्रम ठरला : जमीन फोडायची, पाणी अडवायचं, गाळ आणि सेंद्रिय भर घालायची, एक पूर्ण वर्ष फक्त गवत आणि बोरू (हिरवळीच्या खताचा ताग). झाडं २०२४ मध्ये.

३ ते ८ एप्रिल २०२३

जमीन फोडायला आधी जेसीबी बोलावला, कारण तासाला १,१०० म्हणजे स्वस्त. सहा तास चालला. बादलीच्या दातांनी चार-पाच इंच खरवडलं, खाली तसंच. ६,६०० वाया.

मग पोकलेन आणला आणि बादली काढून एक दाताचा रिपर (जमीन खोल चिरणारा फाळ) लावून घेतला. तासाला २,०००. पाच-पाच फुटांवर रेघा, दोन फूट खोल, सगळ्या उताराला आडव्या. चालक उताराच्या दिशेने उभ्या रेघा मारायचं म्हणत होता, मशीनला ते सोपं जातं. तसं केलं असतं तर प्रत्येक रेघेचा पावसाळ्यात नाला झाला असता. सव्वा एकराला २२ तास, ४४,०००रुपये. रिपर मुरमात शिरला की ढेपा उचलून यायच्या, आतून तांबूस, थोड्या ओलसर. एप्रिलच्या उन्हातही दीड फुटावर ओल होती!

२२ एप्रिल २०२३

एक वाहतूकवाला कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राकडची राख फुकट टाकून देतो म्हणाला, भाडंसुद्धा नको. खड्डा भरून निघाला असता. घरात दोन दिवस चर्चा झाली. मी नाही म्हटलं. विहीर इथून दीडशे फुटांवर आहे, जमीन आधीच विम्ल आणि बरीचशी औष्णिक राखही विम्लच असते. शिवाय एप्रिल-मेच्या वाऱ्यात ती राख सगळ्या गावाच्या घरांत जाईल. परवानगीचा प्रश्न वेगळाच. ज्यांच्याकडे तज्ज्ञांची देखरेख आणि वरून झाकायला जाड माती आहे, त्यांचं गणित निराळं असेल.

५ ते २० मे २०२३

गावतलावातला गाळ. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे गाळ फुकट मिळाला, वाहतूक आपली. आधी गणित करा, मी ते उशिरा केलं. एका एकरावर सहा इंचाचा थर द्यायचा तर २१,७८० घनफूट, म्हणजे २१८ ब्रास गाळ लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो. सव्वा एकराला २७० फेऱ्या, खेपेला ४५० रुपये. आमच्या ऐपतीत १४० बसल्या, ६३,०००रुपये. सगळीकडे पसरला असता तर तीन इंचच झाला असता, म्हणून सहा फुटांचा गाळाचा पट्टा, मग सहा फूट मोकळा मुरूम, पुन्हा पट्टा, असं केलं. पट्ट्यावर सहा इंच थर मिळाला. गवत पट्ट्यावर धरलं की बाजूच्या मुरमात ते आपणहून पसरतं, असा अंदाज होता. तो खरा ठरला.

चूक मात्र मोठी झाली. भरलेल्या ट्रॉल्या आम्ही नुकत्याच फोडलेल्या जमिनीवरून नेल्या. चाळीस-पन्नास फेऱ्या झाल्यावर लक्षात आलं, की चाकोरीवर सबल मारली तर टण्ण आवाज येतो. पुढच्या फेऱ्यांना एकच वाट ठरवली, आतल्या टोकापासून गाळ टाकत मागे मागे येत गेलो. तरी दाबलेला भाग पुन्हा फोडायला पोकलेन पाच तास लागला, १०,०००रुपये. गाळ आधी कडेला उतरवून ठेवावा, जमीन मग फोडावी आणि गाळ शेवटी मागे सरत पसरावा.

दुसरी चूक गाळाच्या जातीची. तलावाचा गाळ चिकण. एका वळवाच्या पावसातच वर पापडी धरली आणि वाळल्यावर हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या. १२ ट्रॉल्या शेणखत (३०,०००) आणि घरचं सोयाबीनचं कुटार (भुसा) पट्ट्यांवर टाकून वखराने कालवलं, तेव्हा गाळ मोकळा झाला.

७ ते १४ जून २०२३

सलग समतल चर. दोन फूट रुंद, एक फूट खोल, काढलेला मुरूम खालच्या अंगाला बांधासारखा. आखणी ए-फ्रेमने : सात फुटांचे दोन बांबू, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला लोंबता दगड. फार सोपं साधन आहे, पण जूनच्या दुपारी वारा सुटतो आणि दगड झुलतो. आम्ही दुपारीच आखलं. त्याचं फळ सप्टेंबरात मिळालं.

२१ जून २०२३

पेरणी. बोरू २० किलो, स्टायलो (चाऱ्याचं द्विदल पीक) ४ किलो, आणि गावच्या गायरानातलं पवन्या आणि कुसळी या गवतांचं बी तीन पोती. ओढ्याकाठून मारवेल गवताची ठोंबं आणून चरांच्या बांधावर हातहातभर अंतराने लावली. स्टायलोचं बी कडक सालीचं, ते खूप गरम (उकळत्या नव्हे) पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून सावलीत वाळवलं. बोरूला गुळाच्या पाण्यात रायझोबियमचं कल्चर चोळलं, दहा किलोला २५० ग्रॅमचं एक पाकीट.

स्टायलोचा अर्धा भाग मजुरांनी बोटभर खोल पुरला, तो उगवलाच नाही. वर नुसता फेकला तो मुंग्यांनी नेला. जिथे वर फेकून बोराटीची फांदी ओढली आणि कुटाराचा पातळ थर दिला, तिथेच दाट आला. मोकळ्या मुरमावर कुटार वाऱ्याने उडतं, म्हणून वरून पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) आडव्या टाकल्या.

१२ ऑगस्ट २०२३

बोरू कमरेएवढा, फुलावर येतोय. मधल्या मुरमात गुडघ्याएवढाच. कापून जागेवरच आडवा पाडला, नांगरला नाही. नुकतीच बसलेली जमीन पुन्हा उघडी करायला मन धजलं नाही. गाजरगवत आणि तरोटाही भरपूर आला. गाजरगवत फुलायच्या आत उपटून काढलं. तरोटा राहू दिला, तोही सावली आणि पाला देतो.

२३ सप्टेंबर २०२३

रात्री नागपुरात राहणाऱ्या बहिणीचा फोन आला, घरात पाणी शिरलं म्हणून. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्या बुडाल्या ती ही रात्र. आमच्याकडेही धो धो होता. पहाटे बॅटरी घेऊन वर गेलो. पाचपैकी चार चर काठोकाठ भरून शांत उभे होते. तिसरा एका जागी फुटला होता. तिथून तीन फूट रुंद घळ खालच्या दोन्ही पट्ट्यांतून गेली, सहा-सात ट्रॉल्या गाळ तळाशी जाऊन बसला.

पाण्याच्या नळीने पातळी तपासली. फुटलेली जागा बाकी चराहून चार इंच खाली. त्या दुपारी आखलेला तुकडा तोच. घळीत दगडांचे तीन अडसर रचले, आणि प्रत्येक चराला एका टोकाला दगडी सांडवा दिला. ४,५०० रुपये आणि सहा दिवस. सांडवे आधीच द्यायला हवे होते. चर कितीही नीट आखला तरी एखादा पाऊस त्याच्यापेक्षा मोठा येतो, त्याला जायला वाट पाहिजे. यापुढे आखणी सकाळी नऊच्या आत, आणि ए-फ्रेमनंतर नळीने दुसऱ्यांदा.

५ नोव्हेंबर २०२३

पट्टे पूर्ण झाकले, मधला मुरूम निम्मा. गवत दिसताच बकऱ्या आल्या. बोराटीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं (९,०००), ते दोन ठिकाणी पाडून आत. मी रागावून बोललो. बकरीवाल्या आजी शांतपणे म्हणाल्या, "बकऱ्यायनं जाव तरी कुठं, भाऊ? गायरानात काई उरलं नाई." त्यांचं खोटं नव्हतं. बसून बोललो. ठरलं ते असं : चराई बंद, पण बी झडल्यावर डिसेंबरपासून कापून न्यायला मुभा, मुळाशी चार बोटं ठेवून. त्यानंतर कुंपण कोणी पाडलं नाही. आजी स्वतः लक्ष ठेवतात. रोही (नीलगाई) मात्र रात्री येतात, त्यांच्यावर उपाय सापडलेला नाही.

१८ फेब्रुवारी २०२४

आग लागली. धुऱ्यावरचा (बांधावरचा) कचरा कोणी पेटवला, वाऱ्याने ठिणगी इकडे आली. वाळलेलं गवत पंधरा मिनिटांत गेलं. आम्ही तिघं पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन झोडपत होतो, तरी पाऊण एकर काळं झालं. सहा फुटांची जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेली पट्टी) डिसेंबरातच काढायला हवी होती, माहीत असूनही राहिली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. अंगाला धुराचा वास आणि डोळ्यांसमोर मेहनत.

३० मार्च २०२४

जळलेल्या पवन्याच्या बुंध्यांतून हिरवे कोंब, पाणी न देता. मुळं जिवंत आहेत. स्टायलो मात्र तिथे पूर्ण गेला.

१० ते १६ जुलै २०२४

आता झाडं. यंदा फक्त २१० खड्डे, आणि सगळे रिपरच्या रेघेवर. प्रत्येक खड्ड्यात आदल्या संध्याकाळी बादलीभर पाणी ओतलं. सकाळी पाणी दिसलं तर तळ सबलीने फोडला, पुन्हा ओतलं. ३४ खड्डे दुसऱ्यांदाही नापास झाले, ते सोडून दुसरीकडे घेतले. खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत राहू दिल्या नाहीत, टिकासने खरवडल्या. झाडं इथलीच : खैर, हिवर, बाभूळ, सीताफळ, कडुनिंब, बोर. रोपं लहान, वितभर उंचीचीच घेतली. खड्ड्यात धुऱ्यावरच्या जुन्या बाभळीखालची ओंजळभर माती, तिच्यातली बुरशी आणि जीवाणू सोबत यावेत म्हणून. पळसाचं बी ताजंच टोकलं, फार दिवस ठेवलेलं बी नीट उगवत नाही. खर्च १०,२००.

युरिया नाही. टँकरही नाही. पहिल्या उन्हाळ्यासाठी रोपाजवळ गळके माठ पुरले, गावातून जुने गोळा करून. आठवड्यातून एकदा भरायचे.

१ जून २०२५

उन्हाळ्यानंतरची मोजणी. २१० पैकी १६३ उभी. मेलेल्या ४७ पैकी २९ रोह्यांनी मोडलेली. हिवर आणि खैर सगळ्यात तगडे. टोकलेल्या पळसाची रोपं वेगळी, ७० च्या वर, आणि त्यांना एकही जनावर तोंड लावत नाही. यंदा जाळरेषा डिसेंबरात काढली होती.

आजवरचा एकूण खर्च, वाया गेलेलं धरून, २,५५,८०० रुपये, घरच्या माणसांची मेहनत न मोजता. त्यात पहिल्या वर्षीचे ३९,०००, जेसीबीचे ६,६००, दुसऱ्यांदा फोडण्याचे १०,००० आणि घळीचे ४,५०० टाळता आले असते. उरलेल्यात गाळ, शेणखत आणि पोकलेन हे मोठे आकडे आहेत, तिथे काटकसर करायला जागा मला तरी दिसत नाही. मजुरी आणि बियाणं मिळून ३९,५०० गेले.

१२ ऑक्टोबर २०२५

निवृत्त काकांना बोलावलं. मधल्या मोकळ्या पट्ट्यात, जिथे आम्ही गाळ टाकलाच नव्हता, तिथे त्यांनी फावडं मारायला सांगितलं. वर अंगठ्याएवढा काळसर थर, कुजलेल्या काड्या आणि केसांसारखी मुळं विणलेली. गांडुळाची विष्ठा दोन ठिकाणी. खाली फुटलेल्या मुरमाच्या फटींतून पवन्याची मुळं दीड फुटापर्यंत गेलेली. काकांनी ढेकूळ नाकाशी नेलं आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या हातात दिलं. मातीचा वास होता.

उभ्या कडांना अजून हात लावलेला नाही. पूर्वेची कड दर पावसाळ्यात फूटभर ढासळते आहे. पायऱ्या पाडून घ्यायच्या तर पोकलेनचे तीस तास, आणि तेवढे पैसे यंदा संत्र्याच्या बारावर (बहारावर) अवलंबून आहेत. तोवर कडेच्या माथ्यावरून पाणी येऊ नये म्हणून वर एक चर खोदायला उद्यापासून दोन माणसं लावली आहेत. आखणी सकाळी साडेसातला.